पहिला दगड कुणाच्या गळ्यात

२८ जुलै

पेतीने ही वही आणून दिली. रस्त्याच्या कामावरून निवृत्त झाल्यापासून मी घरात फार बोलतो म्हणे. निम्मं तरी कागदाला सांग, असं तिचं म्हणणं. बायकोचं ऐकलेलं बरं असतं. शिवाय लिहिण्यासारखं काही घडतंही आहे. रविवारपासून मी पौनामु, म्हणजे आमच्या नदीतला हिरवा दगड, कोरायला शिकणार.

कारण लपवण्यासारखं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आईच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण आहे. ती गेली त्याला तीन वर्षं होतील. उत्तर बेटावरचे नातेवाईकसुद्धा येणार. दगडावरची चादर ओढायला मी आणि रिपेकाताई शेजारी शेजारी उभे राहणार, कारण आईला मुलं आम्ही दोनच. ताईच्या गळ्यात आईचा हिरवा दगड असणार आणि माझ्या गळ्याशी सदऱ्याचं वरचं बटण. हे मला होऊ द्यायचं नाही.

ताईशी मी बोलत नाही. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, वहीला माहीत नाही, म्हणून सांगतो. आई दवाखान्यात होती तेव्हा तिला इनांगाची धिरडी खावीशी वाटली. काडीएवढे मासे ते. नदीच्या तोंडाशी जाळं धरून दिवसभर उभं राहावं तेव्हा धिरड्यांपुरते मिळतात. मी गेलो. कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहिलो. बादली घेऊन परत येतो तर आई झोपलेली, आणि तिच्या गळ्यातला दगड ताईच्या गळ्यात. आई त्यानंतर जागी झालीच नाही. म्हणजे ज्याला मासे आणायला पिटाळलं त्याच्या पाठीमागे वाटणी उरकली. मी त्या वेळी काही बोललो नाही, आणि नंतर बोलायचं राहूनच गेलं.

आणि दगड काही साधासुधा नाही. तासणीच्या पात्याच्या घडणीचा, बोटभर लांब, गर्द हिरवा. दोरीच्या भोकाच्या डावीकडे आणखी एक अर्धवट भोक आहे, आरपार न गेलेलं. आमच्या मराएवरचे, म्हणजे कुळाच्या सभास्थानाचे, वक्ते तिपेने काका यांनी आईच्या अंत्यविधीत त्याचा अर्थ सांगितला होता. ज्या ताऱ्यावर नजर ठेवून आपले पूर्वज होड्या हाकत आले, त्या ताऱ्याचं ते घर. मला तो दगड आईला कुणी दिला हे कधी कळलं नाही. विचारलं की ती हसायची आणि भांडी घासायला लागायची.

विकत का नाही घेत, असं माझा मित्र वातेने म्हणाला. पौनामु स्वतःसाठी विकत घ्यायचा नसतो, तो कुणीतरी द्यावा लागतो. मला कुणी देत नाही. पण स्वतः कोरलेला म्हणजे विकत घेतलेला नव्हे. यात कुणाला खोट काढता येणार नाही.

३ ऑगस्ट

खोट निघाली.

गावात कोरायला शिकवणारी एकच, कोफाई, आणि ती ताईचीच मुलगी. तिचा पाळणा मी हलवलाय. आता ती चाळिशीची आहे, दोन्ही कानांवर आवाज बंद करायची टोपणं लावून शेडच्या दारात उभी राहते आणि माझ्यापेक्षा उंच आहे.

"मामा, दाराबाहेर तू मामा. आत आलास की हातात झाडू."

"आणि दगड?"

"दगडाला आधी तुला बघू दे."

नियम सांगितले. शेडमध्ये खायचं नाही, प्यायचं नाही, खिशात बिस्किटसुद्धा नको, कारण जिथे पौनामुचं काम तिथे अन्न येत नाही. बाहेर पडताना हात धुवायचे. मी म्हटलं, मला काय शिकवतेस, दगडांशी माझा जुना संबंध आहे. मराएवरच्या हांगीचे, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचे, दगड इतकी वर्षं मीच तापवतो. खड्ड्यात कुठला दगड फुटेल ते मला नुसतं उचलून कळतं.

"ते बटाटे शिजवायचे दगड, मामा."

मी झाडलं. मग तिने विचारलं काय करायचंय. मी म्हटलं, गळ. माशाचा गळ, दोन काट्यांचा, टोकाला फर्नच्या कोवळ्या पानासारखा वळलेला, असा की लोकांनी लांबून ओळखावा.

"पहिल्यांदा सगळे पातं करतात. सोपं असतं."

"पातं तुझ्या आईकडे आहे."

"बरं, गळ कर. देणार कुणाला?"

"देणार? माझ्यासाठी करतोय."

कोफाईने कानावरची टोपणं काढली. म्हणाली, "मामा, हातून पहिलं जे होतं ते आपलं नसतं. ते देऊन टाकायचं, तेव्हा हात मोकळा होतो. पहिला मासा नदीला परत द्यायचा हे मला कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. मासा ओंजळीत धरून ही रडत होती आणि मी तिला सोड म्हणत होतो. पण मासा वेगळा आणि दगड वेगळा, असं मी इतके दिवस का धरून चाललो होतो कुणास ठाऊक. मी म्हटलं, मग दुसरा लगेच सुरू करू, दोन्ही बरोबर चालू दे. तर म्हणाली, पहिला दिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायला देणार नाही.

म्हणजे ऑक्टोबरच्या आत दोन. पहिला कुणालाही देऊन टाकीन, त्यात काय. फुकट मिळतंय तर कोण नको म्हणेल.

१० ऑगस्ट

झाडलं. कोफाईने नदीतला एक दगड हातात दिला. बाहेरून राखाडी, बटाट्यासारखा. पाण्याने ओला करून दिव्यापुढे धरला तर आतून हिरवा उजेड आला. मी जरा वेळ काही बोललो नाही. पेतीला सांगितलं तर म्हणाली, "काही बोलला नाहीस? दगड भारी दिसतो."

१६ ऑगस्ट

मराएवर पाहुणे होते, म्हणून हांगी. खड्डा माझा, स्वयंपाकघर ताईचं. ही व्यवस्था आई असल्यापासूनची आहे आणि भांडणामुळे बदललेली नाही. फक्त मधे आता पेती उभी असते.

"पेती, तिला विचार, कोंबड्या कधी देणार."

ताई मला हात लावता येईल इतक्या अंतरावर होती. "पेती, त्याला सांग, दगड तापले की देईन."

"सांग, दगड तापलेत."

"सांग, मला डोळे आहेत."

पेतीने हातातली टोपली खाली ठेवली. "मी कुमरा रताळी सोलायला जाते. तुमचं काय असेल ते कोंबड्यांना सांगा."

कोंबड्या आल्या, पण खूप उशिरा आल्या. आणखी एक गोष्ट पाहिली. ताईच्या गळ्यात आईचा दगड नव्हता. स्वयंपाक करताना काढून ठेवत असेल म्हणावं, तर मागच्या रविवारी चर्चमध्येही नव्हता. एवढी मौल्यवान वस्तू मिळाली आणि बाई ती घालतसुद्धा नाही. याला म्हणतात माज.

२४ ऑगस्ट

वाईट दिवस.

गळाचा बाहेरचा आकार झाला होता. करवतीच्या पात्यावर सतत पाणी पडतं, दगड हळूहळू सरकवायचा असतो. आतली वळणाची जागा कापून काढत होतो. कट्‌ असा लहानसा आवाज झाला आणि गळाचं टोक पाण्याच्या तसराळ्यात पडलं. हातात राहिला एक ठोकळा.

खरं कारण मला माहीत आहे. जाकिटाच्या खिशात मटणाचा पाई होता, कणकेच्या पारीत भाजलेला. सकाळी दुकानातून घेतला, गाडीत खाणार होतो, आणि विसरलो. म्हणजे पूर्ण विसरलो नव्हतो. वास येत होता. मी कोफाईकडे जाऊन कबूल केलं. तिने तो पाई बाहेर नेला, ओट्यावर बसून खाल्ला, हात धुऊन परत आली.

"पाईने नाही मोडला, मामा. तू रागाने दाबतोस."

"मी कुठे रागावलोय?"

"करवतीला विचार."

मग तिने तो ठोकळा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, पातं होईल. मी म्हटलं, मला पातं नको होतं. ती म्हणाली, दगडाला हवं असेल.

३१ ऑगस्ट

आजपासून घासणं. चाकावर, मग पॉलिश पेपरवर, पाणी घालून घालून. बोटांची सालं गेली. पेतीला म्हटलं हे पेपर स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतो. ती म्हणाली, ठेव, पण उजवीकडे ठेवलंस तरी डावीकडूनच उचलायचंस.

ती फळी बाबांनी ठोकलेली. तिच्यावर वाटाणा ठेवला तरी डावीकडे घरंगळतो. बाबा कोळशाच्या खाणीत होते, अंगात बैलाचं बळ, पण घरात हत्यार हातात घेतलं की आई आम्हाला बाहेर काढायची. एका खिळ्यासाठी भिंतीला नेहमी दोन भोकं: आधी डावीकडे एक चुकलेलं, मग उजवीकडे बरोबर जागचं. फळीखाली ती चुकलेली अजून दिसतात. आईने कधी बुजवू दिली नाहीत.

६ सप्टेंबर

दोरीचं भोक पाडायचं होतं. कोफाईने पेन्सिलने मधोमध खूण केली आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली. ड्रिल चालू केलं. टोक दगडावर टेकलं आणि घसरलं, डावीकडे, आणि मला कळायच्या आत तिथे निम्मं आत गेलं. मी थांबवलं. मग खुणेवर नीट दुसरं पाडलं. आता एक भोक आरपार आणि त्याच्या डावीकडे एक अर्धवट.

हे हात माझे नव्हेत, बाबांचे आहेत. एवढं मोठं शरीर दिलं आणि हात असे.

कोफाईने बघितलं. मला वाटलं बोलणार. ती म्हणाली, "पहिल्या दगडात बहुतेकांचं होतं, मामा. ड्रिल घसरतं." मग दगड तसाच हातात धरून बराच वेळ बघत राहिली, आणि एकदम विचारलं, "आजीचा दगड तू शेवटचा कधी नीट हातात घेतला होतास?"

मी म्हटलं, तुझ्या आईला विचार कधी देते हातात. तिने पुन्हा कानावर टोपणं लावली.

१४ सप्टेंबर

इनांगाचे दिवस चालू आहेत. सकाळी वातेनेबरोबर नदीवर, दुपारी शेडमध्ये. खरं सांगायचं तर दोन्हीकडे बरं वाटतं. पेपर जितका बारीक होत जातो तितका दगड आत उघडत जातो. परवा त्यात मला ढगासारखं काही दिसलं. हा दगड मला स्वतःला ठेवावासा वाटतो. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

२० सप्टेंबर

झाला. घरी आणला. पेतीपुढे टेबलावर ठेवला.

तिने चष्मा लावला. "छान आहे. साबण संपत आला की असा होतो."

एक कड दुसऱ्या कडेपेक्षा जरा जाड आहे, हे मान्य. खाली निमुळता व्हायला हवा तो एकाच बाजूला झाला. पण चकाकी बघावी. मी म्हटलं, हा पहिला दगड, परंपरेने द्यायचा असतो, आणि मी विचार केला की माझ्या बायकोपेक्षा…

"हेनारे, मला तुझं आडनाव मिळालंय. तेवढं माझ्या गळ्यात पुरे," ती म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

२१ सप्टेंबर

वातेनेला द्यायचं ठरवलं. तो माझा जिवाचा मित्र. नदीवर गेलो तर त्याच्या मानेला पांढरा जाड पट्टा.

"काय झालं?"

"मान अवघडली. डॉक्टर म्हणाले गळ्यात काही घालू नको."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

बिचारा. तरी सबंध सकाळ जाळं टाकत होता आणि मान चांगली वळत होती. हिंमत आहे.

२७ सप्टेंबर

रुइहा आजी आमच्या मराएवर वयाने सगळ्यात मोठी. तिच्याकडे गेलो. दगड दाखवण्याआधीच म्हणाली, "बाळा, माझे किती दिवस राहिले? मी गेले की तो माझ्याबरोबर मातीत जाईल. एवढी कला वाया कशाला घालवतोस?" तिला कसं कळलं मी का आलो ते, कुणास ठाऊक.

पाद्रीबाबांकडे गेलो. ते म्हणाले त्यांच्या गळ्यात क्रूस आहे आणि दोन गोष्टी एकमेकींवर आपटून आवाज होतो, प्रवचनात व्यत्यय येतो. दुकानात गेलो. मी आत शिरताना दुकानवाली मागच्या दाराने बाहेर गेली. मी थोडा वेळ थांबलो. मटणाचा पाई घेतला, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि आलो.

दिलेला पौनामु नाकारायचा नसतो आणि घेतला की घालावा लागतो, म्हणून लोक आधीच विनयाने बाजूला होतात. आपली योग्यता नाही असं वाटत असेल त्यांना. आमची माणसं फार संकोची.

रात्री एक शंका आली. पण ती लिहिण्यात अर्थ नाही.

५ ऑक्टोबर

कोफाई म्हणाली, "मामा, अजून खिशात? आता तीन आठवडे राहिले."

"कुणी घेत नाही."

"एका माणसाने पळ काढलेला नाही."

"कोण?"

"ज्याला तू विचारलंच नाहीस."

मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. पोस्टमन असणार. तो समोर असतो म्हणून लक्षात येत नाही. उद्या विचारतो.

६ ऑक्टोबर

पोस्टमन नव्हता. मला फाटकात बघून त्याने गाडी न थांबवता पत्रं फेकली.

१८ ऑक्टोबर

दुसरा दगड मिळाला नाही. आता मिळाला तरी वेळेत होणार नाही. म्हणजे मी अनावरणाला रिकाम्या गळ्याने उभा राहणार आणि ताई आईचा दगड मिरवणार. इतकं घासून बोटांची सालं तेवढी गेली. आज नदीवर गेलो नाही. पेतीने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं. तिने धिरडी केली, ती खाल्ली.

खरं काय ते लिहितो. मला दगडाचं एवढं नाही. आईने मला मासे आणायला पाठवलं, आणि मी नाही तेव्हाच जे द्यायचं ते दिलं. माझी वाट बघितली नाही. एवढंच आहे ते, आणि ते कुणाला सांगायचं?

२५ ऑक्टोबर

आज बरंच लिहायचं आहे.

पहाटेच खड्ड्याशी गेलो, लाकडं रचली, वर दगड, पेटवलं. माणसं खूप येणार होती म्हणून खड्डा मोठा. निरोप पोचवायला पेती यायची होती, ती आली नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारातून ताई बाहेर आली आणि इकडेतिकडे बघू लागली.

मीही बघितलं. आसपास कुणीच नव्हतं. एरवी हांगीच्या सकाळी सल्ले देणाऱ्यांची रांग असते.

शेवटी ताईनेच विचारलं, "पेती कुठे?"

"पाय दुखतोय म्हणाली."

"काल तर नाचत होती." तिने एप्रनला हात पुसले. "मग कोंबड्यांचं कुणाला सांगू?"

"मला सांग."

ती येऊन लाकडाच्या ओंडक्यावर बसली. दोघंही जाळाकडे बघत होतो. तिचे केस फार पांढरे झाले आहेत, हे मला माहीत नव्हतं.

"तुझा दगड कुणी घेत नाही म्हणे."

"लोकांना संकोच वाटतो."

ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं. लहानपणापासून ती असंच बघते. मग म्हणाली, "मला दे."

"तुला कशाला? तुझ्याकडे आईचा आहे."

तिने एप्रनच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि मांडीवर उघडली. आईचा दगड. ती म्हणाली, "हा मला कुणी दिलेला नाही, हेनारे."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो.

"त्या दिवशी तिच्या छातीचा एक्स-रे काढायचा होता. नर्स म्हणाली गळ्यातलं काढा. टेबलावर ठेवला तर हरवेल म्हणून मी घातला. तिला परत आणलं ते झोपेतच. झालं एवढंच."

"मग तसं सांगायचं ना."

"कधी सांगायचं? तू आलास, माझ्या गळ्याकडे बघितलंस, बादली ठेवलीस आणि निघून गेलास. आणि अंत्यविधीत तिपेने काका उभे राहिले. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. ते पूर्वजांच्या होडीपर्यंत मागे गेले आणि तिथून परत आले. सगळं मराए रडत होतं. मी मधे उठून म्हणू, काका, थांबा, एक्स-रेसाठी काढला होता?"

मला हसू आलं. फार दिवसांनी तिच्यासमोर हसलो, आणि मग तीही हसायला लागली, एप्रनच्या टोकाने नाक पुसत.

"तीन वर्षं पुरचुंडीत ठेवलाय. घातला की चोरल्यासारखं वाटतं. तुला द्यावा, तर मी कोण देणारी? माझा असेल तर देईन ना." मग ती हळू म्हणाली, "एक्स-रेला नेताना ती बोलली थोडं. हेनारे आला का विचारलं. मी म्हटलं, येईल. तर म्हणाली, त्याला भूक लागली असेल, खाऊन नाही गेला तो."

धुराचं नाव सांगणार नाही. रडलो. खरंच मी त्या दिवशी खाऊन गेलो नव्हतो.

डोळे पुसून मी विचारलं, "म्हणजे तुला दिलेला असा एकही नाही?"

"कोण देणार? सगळ्यांना वाटतं माझ्याकडे आहे."

मी खिशातून काढला. पुसला. तिने हातात घेऊन उलटसुलट केला. "काय आहे हे?"

"पातं. आधी गळ होता."

"बरं," ती म्हणाली, आणि मान खाली केली. मी दोरी बांधली. मग आम्ही रीतीप्रमाणे नाकाला नाक लावलं, कपाळाला कपाळ, आणि तसेच थोडा वेळ राहिलो. तिच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता.

"दगड तापले का?" कोफाईचा आवाज आला. ती दारात कोंबड्यांची टोपली घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे पेती, दोन्ही पायांवर व्यवस्थित.

हांगी मातीने झाकून आम्ही थडग्याकडे गेलो. आम्ही दोघांनी चादर ओढली. माझ्या गळ्याशी सदऱ्याचं वरचं बटण होतं, ते आत्ता लिहिताना आठवलं. ताईने आईचा दगड थडग्याच्या दगडावर अडकवला, प्रार्थना होईपर्यंत. मग तिपेने काका काठी टेकत पुढे आले. त्यांना आता फार कमी दिसतं. ते ताईपुढे थांबले, तिच्या गळ्यातल्या दगडावर बोटं फिरवली आणि सुरू झाले.

"हा पाहा तो पुरातन दगड. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. आजच्या कोणत्या हाताला ही घडण साधेल? आणि हे अर्धं भोक पाहा. ज्या ताऱ्यावर नजर ठेवून आपले पूर्वज…"

ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होता. कोफाई थडग्यामागे खाली बसली. मी नदीकडे बघत उभा राहिलो. पूर्वज होडीतून उतरून परत घरी येईपर्यंत आम्ही कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

नंतर रुइहा आजीने थडग्यावरून आईचा दगड उतरवला आणि निकाल दिला. इनांगाच्या दिवसांत हेनारे घालेल, एरवी रिपेका. भांडलात तर मी घालीन. आत्ता इनांगाचेच दिवस आहेत, म्हणून तिने तो माझ्या गळ्यात बांधला. दगड थडग्याला लागून गार झाला होता.

कोंबड्या उत्तम शिजल्या.

२६ ऑक्टोबर

सकाळी वातेने आला. मानेला पट्टा नाही. काल रिपेकाच्या गळ्यात बघितला, चांगला दिसतो म्हणाला, दुसरा कुणाला देणार आहेस? मी म्हटलं, वर्षभर तुझ्या मानेला विश्रांती दे.

ताई चहाला आली होती. तिने माझा दगड काढून, मी उतरवून ठेवलेल्या आईच्या दगडाशेजारी टेबलावर ठेवला. दोन्हींना मधोमध एक भोक आणि डावीकडे एक अर्धं. एका बाजूची कड जाड. ताई म्हणाली, काकांची चूक नाही, मलाही अंधारात ओळखू येणार नाहीत. आणि कोफाईकडे जायचंय म्हणून ती लवकर गेली.

मी बराच वेळ बघत बसलो आणि मग उलगडा झाला. तारा वगैरे काही नाही. घसरलंय. आईच्या दगडातसुद्धा कुणाचा तरी हात घसरला होता. म्हणजे तो कुणाचा तरी पहिला दगड होता, त्याने तो आईला दिला, आणि आईने तो जन्मभर गळ्यात घातला. लोक मला टाळून मागच्या दाराने पळाले. ती नाही पळाली.

कोण असेल तो धांदरट, ते मात्र आता कळायला मार्ग नाही. त्या वेळी गावात कोरणारे दोघे-तिघे होते, पण ते नावाजलेले, त्यांच्या हातून असं काही झालं नसतं. बाबांना कदाचित माहीत असेल, ते असताना विचारायला हवं होतं. पण दगडातलं त्यांना काय कळणार, बिचाऱ्यांना साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

पेतीला विचारलं, तुला काय वाटतं, कोण असेल? तिने एकदा वर फळीकडे बघितलं, हसली आणि भांडी घासायला लागली.